मुंबईत कार्यक्रमात दारू ठेवायची असेल तर: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

दर डिसेंबरात मला एकाच साच्याचा फोन येतो. "ताई, सोसायटीच्या गच्चीवर थर्टी फर्स्ट करतोय. साठेक माणसं असतील, दारू ठेवायची आहे. वॉर्ड ऑफिसला अर्ज टाकला की झालं ना?" फोन करणारा बहुतेक वेळा नाशिक-नागपूरकडून वर्ष-दोन वर्षांपूर्वी इथे आलेला असतो. त्याचा गैरसमज समजण्यासारखा आहे. पाणी, कचरा, रस्ता, मांडव सगळं पालिकेकडे, मग दारूही तिकडेच असणार, असं कुणालाही वाटेल.

पण तसं नाही. दारू हा राज्य सरकारचा विषय आहे. परवाना देतो तो राज्य उत्पादन शुल्क विभाग, सगळ्यांच्या तोंडी 'एक्साइज', आणि जिल्ह्याच्या पातळीवर हा कारभार जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात चालतो. पालिकेच्या हातात असते ती जागा: मैदान, उद्यान, नाट्यगृह, हॉल, रस्त्यावरचा मांडव. शिवाय खाण्याच्या धंद्याचा आरोग्य परवाना आणि अग्निशमन दलाचा दाखला. पालिकेने दारूच्या दुकानांवर थेट हुकूम चालवलेला मला आठवतो तो मे २०२० मध्ये. टाळेबंदीत आयुक्तांच्या आदेशाने मुंबईतली वाइन शॉप बंद झाली आणि त्याच महिन्यात घरपोच विक्रीही पालिकेच्याच आदेशाने सुरू झाली. तो साथीच्या काळातला अपवाद होता.

मी गेली बारा वर्षं हेच काम करते. लग्न, साखरपुडे, ऑफिसच्या पार्ट्या, सोसायट्यांचे वर्धापनदिन. मांडव एक जण घालतो, जेवण दुसरा करतो, कागद मी गोळा करते. एवढ्या काळात जे कार्यक्रम अंगाशी येताना पाहिले, त्यातले बहुतेक एकाच कारणाने आले: माणसाने दोन परवानग्यांपैकी एकच काढली होती. जागेची वेगळी, दारूची वेगळी. आणि क्रम कायम जागेपासून.

सुरुवातीला कायद्याचं नाव वाचा

ज्या कायद्याखाली मुंबईत दारू विकली आणि प्यायली जाते, त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. पूर्वी 'मुंबई' होतं, आता 'महाराष्ट्र' आहे, पण 'दारूबंदी' हा शब्द जागचा हललेला नाही. एकेकाळी इथे खरोखरच दारूबंदी होती, घराघरांत 'आंटीचे' अड्डे चालायचे, आणि हा कायदा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५१ चा बलसारा खटला वकील मंडळी अजून वाचतात. नंतर बंदी सैल झाली, पण कायद्याचा सांगाडा तोच राहिला. मूळ नियम मनाईचा, आणि परवानगी हा त्याला अपवाद. म्हणून "इथे प्यायला मनाई आहे असं कुठे लिहिलंय?" हा प्रश्न एक्साइजच्या माणसाला विचारू नका. तो उलट विचारेल, "परवानगी आहे असं कुठे लिहिलंय?"

'परमिट रूम' हा शब्द इथूनच आला. बारला परवाना लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. पिणाऱ्यालाही परमिट लागतं हे फारसं कुणाला माहीत नसतं. विदेशी मद्याचं एक दिवसाचं परमिट पाच रुपयांना, देशीचं दोन रुपयांना, वर्षाचं शंभरला आणि आयुष्यभराचं एक हजाराला. वाइन शॉपच्या काउंटरवर हा विषय निघतच नाही, म्हणून परमिट नावाची वस्तू अस्तित्वात आहे हेच लोक विसरतात. माझा सल्ला सरळ आहे: नियमित घेत असाल तर एकदाचे हजार रुपये भरा, आयुष्यभराचं परमिट काढा. अर्ज ऑनलाइन होतो. एका चांगल्या बाटलीच्या किमतीत पुढच्या सगळ्या कटकटी मिटतात.

पहिली पायरी: जागा कुणाची, ते शोधा

मुंबईत हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. एकाच रस्त्याच्या एका बाजूची जमीन पालिकेची, दुसऱ्या बाजूची म्हाडाची आणि कोपऱ्यावरची रेल्वेची, असं सर्रास असतं. वांद्रे-कुर्ला संकुलातली मोठी मैदानं एमएमआरडीएची, म्हणजे महानगर विकास प्राधिकरणाची. डॉकच्या बाजूला गेलात की पोर्टची जमीन. आरे दुग्धविकास विभागाची. चौपाटीची साफसफाई पालिका करते, पण वाळू सरकारची. मरीन ड्राइव्हचे जिमखाने सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभे आहेत आणि त्यांतल्या बारला क्लबचा वेगळा परवाना असतो. मालक कोण हे कळल्याशिवाय अर्ज लिहायला घेऊ नका.

जागा पालिकेची निघाली, तर दारूचा विचार तिथेच सोडा. उद्यान आणि खेळाच्या मैदानात दारूला जागा नाही, मग तुम्ही कितीही अनामत भरायला तयार असा. शिवाजी पार्कचंच घ्या. तिथे खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांसाठी वर्षातले मोजके ४५ दिवस राखलेले आहेत आणि परिसर शांतता क्षेत्रात येतो. तिथे बारचा काउंटर मागणं म्हणजे देवळात चपला घालून जाऊन पुजाऱ्याला खुर्ची मागण्यासारखं. विलेपार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर, मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे ही पालिकेची नाट्यगृहं. नाटकानंतर कलाकारांना मेजवानी द्यायची असेल तर ती दुसरीकडे द्या.

पालिकेचे किंवा समाजमंदिराचे हॉल घेताना आरक्षणाच्या फॉर्ममागचं बारीक छापलेलं पान वाचायची सवय लावा. त्यात मद्यपान आणि कधीकधी मांसाहारालाही मनाई असते. एका बारशाला (हो, बारशाला!) पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या डिकीत मामा लोकांनी बार उघडला होता. रखवालदाराने फोटो काढला, आणि यजमानाची अनामत परत मिळवायला मला तीन चकरा माराव्या लागल्या. तिसऱ्या चकरेत निम्मी मिळाली.

सोसायटीची गच्ची आणि क्लबहाउस ही वेगळी गोष्ट. तुमचा फ्लॅट तुमचा आहे, गच्ची सगळ्यांची आहे. व्यवस्थापक समितीचं पत्र लेटरहेडवर, सेक्रेटरीच्या सहीने, शिक्क्यासह घ्या. त्यात तारीख, वेळ, माणसांची संख्या आणि 'मद्यासह' हा शब्द स्पष्ट लिहून घ्या. "कार्यक्रमास हरकत नाही" एवढंच लिहिलेलं पत्र उपयोगाचं नसतं. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या काकांनी तक्रार केली की समिती म्हणते, आम्ही तर सत्यनारायण समजलो होतो. आणि त्या काकांनाही कमी लेखू नका. सोसायट्यांचं म्हणणं आता सरकारही ऐकतं. सोसायटीच्या आवारात नवं दारूचं किंवा बिअरचं दुकान उघडायचं तर सोसायटीचा ना हरकत दाखला लागेल, असं मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी विधानसभेत जाहीर केलं. वस्तीतलं दुकान बंद करायला मतदान घेण्याची, म्हणजे 'बाटली आडवी' करण्याची सोय त्याच्याही आधीपासून आहे.

नवख्यांसाठी सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे ज्या हॉटेलला किंवा बँक्वेटला आधीपासून परमिट रूमचा परवाना आहे तिथेच कार्यक्रम करणं. फक्त एक विचारा: परवाना त्या हॉललाही लागू आहे का? परवाना ठरावीक मोजमापाच्या जागेला मिळतो, त्याला नकाशा जोडलेला असतो. खाली परमिट रूम आहे म्हणून वरच्या लॉनवर पाजता येतंच असं नाही. मॅनेजरने "अहो चालतं" म्हटलं तर हसून नकाशा दाखवायला सांगा.

दुसरी पायरी: तारीख

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंद असलेले दिवस, कॅलेंडरवर आधीच लाल पेनने खोडून टाका. त्याशिवाय अनंत चतुर्दशीसारखे दिवस असतात, आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी जिल्हाधिकारी दारूबंदी कायद्याच्या कलम १४२ खाली ऐनवेळीही दुकानं बंद ठेवायचा आदेश काढू शकतात. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास कोरडे असतात. तो नियम लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ क मधला. मतमोजणीचा दिवसही सहसा कोरडा. जून २०२४ मध्ये हॉटेलवाल्यांची संघटना 'आहार' याच मुद्द्यावर उच्च न्यायालयात गेली आणि मुंबई शहरात ४ जूनला निकाल जाहीर झाल्यानंतर विक्रीला मुभा मिळाली.

म्हणून साखरपुड्याची तारीख ठरवताना मुहूर्ताबरोबर हेही बघा. ड्राय डेला एक दिवसाचा परवाना मिळत नाही, आणि आदल्या रात्री आणून ठेवलेल्या बाटल्या लोकांना हॉलमध्ये वाटणं हा काही तोडगा नाही. गटारीच्या रविवारी मात्र उलट ताप. ड्राय डे नसतो, पण त्या आठवड्यात एक्साइजचे आणि वाहतूक पोलिसांचे लोक जागोजागी असतात, आणि श्रावण लागायच्या आत सगळ्यांनाच 'बसायचं' असतं. अर्ज दहा दिवस आधी टाका.

तिसरी पायरी: एक दिवसाचा परवाना

हाच मुख्य कागद. सरकारी भाषेत एफएल-४ अ. दुकानदाराचा एफएल-२, परमिट रूमचा एफएल-३, क्लबचा एफएल-४, आणि एखाद्या कार्यक्रमापुरता तात्पुरता तो हा.

मुंबईत महसुली जिल्हे दोन आहेत हे नवख्यांना माहीत नसतं. १९९० मध्ये उपनगर जिल्हा वेगळा झाला. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत मुंबई शहर, पुढे वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत मुंबई उपनगर. शहराच्या जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय फोर्टला जुन्या कस्टम हाउसमध्ये, उपनगरचं वांद्रे पूर्वेला. एक्साइजचे अधीक्षकही वेगवेगळे. माहीमच्या कार्यक्रमाचा कागद घेऊन वांद्र्याला गेलात, तर खाडीच्या अलीकडे-पलीकडे म्हणजे काय ते नीट समजेल. अर्ज ऑनलाइनच करायचा आहे, पण जिल्हा निवडताना चुकलात की तो चुकीच्या टेबलावर जाऊन पडतो आणि तिथेच झोपतो.

अर्जाला साधारण एवढं लागतं: अर्जदाराचं ओळखपत्र, जागामालकाचं पत्र (आता कळलं असेल, जागा आधी का), कार्यक्रमाचं स्वरूप, तारीख, सुरू-संपण्याची वेळ आणि माणसांचा आकडा. शुल्क चलनाने ऑनलाइन भरायचं. रक्कम कार्यक्रमाच्या स्वरूपावर आणि माणसांच्या आकड्यावर बदलते आणि सरकार ती वेळोवेळी वाढवतं, म्हणून गेल्या वर्षी मित्राने किती भरले ते विचारू नका. पोर्टल दाखवेल तो आकडा खरा. माणसं कमी दाखवून पैसे वाचवायचा मोह होतो. साठची परवानगी आणि ताटं दीडशे, हे कुणालाही मोजता येतं.

परवाना हातात आला की तो अक्षर-अक्षर वाचा. सांगते का ते. सहा-सात वर्षांपूर्वी एका ऑफिसच्या पार्टीत केटररने मला छातीठोकपणे सांगितलं, "ताई, लायसन्स माझ्याकडे आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका." मी घेतलं नाही, हीच माझी चूक. रात्री साडेनऊला दुय्यम निरीक्षक आणि दोन जवान आले. निरीक्षकसाहेब शांत माणूस. काउंटरवर ठेवलेली झेरॉक्स त्यांनी उचलली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि बोट एका ओळीवर ठेवलं. तारीख आदल्या शनिवारची होती. जागाही दुसरीच, अंधेरीची. आम्ही होतो पवईत. केटरर एकच कागद महिनाभर फिरवत होता. गाणं बंद झालं, बर्फाच्या टबातल्या बाटल्या बाहेर काढून टेबलावर ओळीने मांडल्या गेल्या, पंचनामा सुरू झाला. चाळीस माणसं पनीर टिक्का हातात धरून उभी होती आणि कुणी खात नव्हतं. त्या दिवसापासून परवाना माझ्या नावाच्या फाइलमध्ये मूळ प्रतीत असतो आणि त्याची एक प्रत काउंटरच्या मागे, दिसेल अशी, सेलोटेपने चिकटवलेली असते.

चौथी पायरी: बाकीचे दाखले

इथे फार वेळ घालवत नाही. मोकळ्या जागेत मांडव असेल तर वॉर्ड ऑफिस आणि अग्निशमन दल. खाणं बाहेरचं असेल तर केटररचा परवाना बघा. तिकीट लावून कार्यक्रम करणार असाल तर पोलिसांचा करमणुकीचा परवाना हा मोठा स्वतंत्र विषय आहे, त्यासाठी जाणकार माणूस धरा. स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र द्या आणि पोच घ्या, कारण आवाजाची तक्रार आली की पहिली गाडी तिथूनच येते. मोकळ्या जागेत स्पीकर रात्री दहानंतर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, आणि तुमचा वाढदिवस त्यात नसतो.

आगीच्या दाखल्याला मात्र कागदी काम समजू नका. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ माणसं गेली. गच्चीवर ताडपत्रीचा मांडव, खाली कोळशाची शेगडी आणि शेजारी दारूचा काउंटर अशी मांडणी कुणी सुचवली की मी काम सोडते. एकदा सोडलंही आहे.

वेळेचं एक: मुंबईत परमिट रूम रात्री दीडपर्यंत चालतात. २४, २५ आणि ३१ डिसेंबरला सरकार दरवर्षी आदेश काढून पहाटे पाचपर्यंत सूट देतं. तुमच्या एक दिवसाच्या परवान्यावर जी वेळ लिहिली आहे तीच तुमची. हॉटेलची सूट गच्चीला लागत नाही.

पाचवी पायरी: बाटल्या कुठून आणायच्या

जवळच्या परवानाधारक दुकानातून, बिल घेऊन. बिल परवान्याला टाचणी लावून ठेवा. बाटलीवर 'महाराष्ट्र राज्यात विक्रीसाठी' असं असायला हवं. लेबल फिरवून बघा, दहा सेकंदांचं काम आहे.

गोव्याहून येताना गाडीत टाकलेला माल, दमणचा माल, कुणाच्या तरी ओळखीचा 'मिलिटरीचा' माल यांतलं काहीही कार्यक्रमाच्या काउंटरवर नको. स्वस्त पडतं हे खरं. पण परराज्यातली दारू बिनपरवाना आणणं हा इथे साधा दंड भरून सुटण्यातला गुन्हा नाही, आणि पंचनाम्यात नाव यजमानाचं येतं, आणणाऱ्या मेहुण्याचं नाही. सुट्या दारूचा तर विचारही करू नका. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसं मेली. मांडवात काम करणाऱ्या पोरांना आपण कुठली बाटली देतो हेही त्यात आलं. पाहुण्यांना चांगली आणि कामगारांना पिशवीतली, असलं मी चालू देत नाही.

प्रायोजकाचंही इथेच सांगते. मंडळांना दारूच्या ब्रँडचा 'सोडा' किंवा 'पाणी' घेऊन माणसं भेटायला येतात. दारूबंदी कायद्याच्या कलम २४ मध्ये मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे. गणपतीच्या कमानीवर असा फलक लावायला कुणी दोन लाख देत असेल, तर ते दोन लाख कशाचे आहेत हे कार्यकर्त्यांनाही कळतं.

सहावी पायरी: काउंटरवर कोण उभा राहील

बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण, व्हिस्की-रम-व्होडकासाठी २५. इतर राज्यांतून आलेल्यांना हे २५ पचत नाही. "अहो, मी नोकरी करतो, मतदान करतो!" खरं आहे, लग्नही करता येतं, रम घेता येत नाही. ऑफिसच्या पार्टीत हा मुद्दा नाजूक होतो, कारण नव्याने लागलेली पोरं २२-२३ ची असतात आणि साहेबच त्यांच्या हातात ग्लास देत असतो. मी दोन रंगांच्या कागदी पट्ट्या करते. दारातच ओळखपत्र बघून मनगटावर बांधायची, काउंटरवर वाद घालायचा नाही. बारमनला सांगून ठेवते, पट्टी नाही तर पन्हं.

काउंटर जेवणाच्या टेबलापासून लांब ठेवा आणि मुलांच्या खेळण्याच्या कोपऱ्यापासून त्याहून लांब. मापासाठी पेग मेझर आणा. "अंदाजाने ओत रे" म्हटलं की नव्वदचा अंदाज दीडशेवर जातो.

हळदीबद्दल वेगळं

वरळी, वर्सोवा, खार दांडा इथल्या कोळीवाड्यांत किंवा आगरी घरांत हळदीचं आमंत्रण आलं तर नक्की जा. मांडव गल्लीत असतो, बँजो असतो, सुरमई असते आणि पाहुणचारात काही कमी पडत नाही. पण तुम्ही यजमान असाल, तर मांडवाला मिळालेली वॉर्ड ऑफिसची परवानगी ही फक्त मांडवाची आहे. पालिका कायद्याच्या कलम ३१७ खाली सणासमारंभाला रस्त्यावर तात्पुरता मांडव घालता येतो, तेवढंच. रस्त्यावरच्या मांडवात दारू पाजायचा परवाना मी तरी आजवर कुणाच्या हातात पाहिलेला नाही. जाणती घरं मांडवात जेवण आणि नाच ठेवतात, बाकी सोय घरात, परमिटवाल्यांसाठी. वयस्कर बायकांनाही तेच बरं वाटतं, असं मला खार दांड्याच्या एका बाईने मासे साफ करता करता सांगितलं होतं.

कार्यक्रमाबाहेर: रस्ता, गाडी, लोकल

हे पाहुण्यांनाही सांगा. चौपाटी, कट्टा, वांद्र्याच्या किल्ल्याच्या पायऱ्या, उद्यानातला बाक, सगळी सार्वजनिक ठिकाणं. चायनीजच्या गाडीमागे स्टीलच्या ग्लासात काळी पेप्सी दिसते तीही कुणाला फसवत नाही. परवाना नसलेल्या जागी लोकांना प्यायला बसू देणारा आणि तिथे बसून पिणारा, कायद्यात दोघांसाठी कलमं आहेत. रस्त्याकडेला उभ्या गाडीत काच वर करून पिणं म्हणजेही सार्वजनिक ठिकाणच.

दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घातला तर दारूबंदी कायद्याचं कलम ८५ आहे, पोलीस कायदा आहे आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ आहे. जुन्या दंडसंहितेत याच गोष्टीला दहा रुपये दंड होता. आता हजारापर्यंत दंड, २४ तासांपर्यंत कैद किंवा समाजसेवा. स्टेशनच्या आवारात किंवा लोकलमध्ये झिंगलेले सापडलात तर रेल्वे कायद्याचं कलम १४५, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

गाडी चालवायची मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम. दोन पेगनंतर आपण त्याखाली आहोत की नाही हे घरच्या घरी कळत नाही, म्हणून प्यायलेल्याने चावी द्यायची, एवढाच हिशेब ठेवा. पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी निमंत्रणाच्या मेसेजमध्येच खाली शेवटच्या लोकलची वेळ लिहायला लावते. पार्टी कितीही रंगात असली तरी कर्जतवाले त्या वेळेला उठतात, आणि एकदा ते उठले की गर्दी आपोआप पांगते.

शेवटची पायरी: आवराआवर

परवान्यावरची वेळ संपायच्या वीस मिनिटं आधी काउंटर बंद करा. उरलेल्या सीलबंद बाटल्या ज्याच्या नावाने बिल आणि परमिट आहे त्यानेच न्यायच्या. केटररच्या टेम्पोत चढू देऊ नका. फुटलेली काच वेगळ्या खोक्यात भरा आणि त्यावर मार्करने 'काच' लिहा, सकाळी कचरा उचलणाऱ्या ताईंचे हात कापतात. रिकाम्या चांगल्या बाटल्या भंगारवाला मागेल, कधी जास्त पैसेही देऊ करेल, विशेषतः महागड्या ब्रँडच्या खोक्यासकट हव्या असतील तर. त्या बाटल्या पुढे कशाने भरल्या जातात ते मला माहीत असल्यामुळे मी झाकणं वेगळी काढते, लेबलवर खिळ्याने दोन आडव्या रेघा ओढते आणि खोकी फाडूनच देते.